शिफ्टची नोकरी करत कंबाईनचा अभ्यास: टार्गेट कसं ठरवायचं आणि वेळ कुठून काढायचा

चाकणला कंपनीत होतो तेव्हा मी एमपीएससीच्या कंबाईनची, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या गट ब आणि गट क पदांसाठीच्या संयुक्त परीक्षेची तयारी केली. तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या, कंपनीची बस, रूमवर चौघं जण. तिसऱ्या प्रयत्नात गट क मधून कर सहायक झालो. आता गावाकडची पोरं आणि कंपनीतले जुने सोबती फोन करतात आणि म्हणतात भाऊ तुझं टाईमटेबल पाठव ना. खरं सांगतो, टाईमटेबल पाठवून काही होणार नाही, माझं पहिलं सगळं वर्ष टाईमटेबल बनवण्यात आणि ते मोडण्यातच गेलं. म्हणून इथे सगळं नीट लिहितोय, ज्यांनी आत्ताच सुरुवात केलीय किंवा करायची म्हणताय त्यांच्यासाठी.

यूट्यूबवर जे टाईमटेबल मिळतात ना, पहाटे ५ ला उठा, ६ ते ९ इतिहास वगैरे, ते पुण्यात पेठेत राहून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांचे असतात. त्यांचंही सोपं नसतं, पण त्यांचा आजचा दिवस आणि उद्याचा दिवस सारखा असतो. आपला एक आठवडा साडेसहा ते तीन, दुसरा तीन ते साडेअकरा, तिसरा रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा. घड्याळावर बांधलेलं टाईमटेबल सोमवारी शिफ्ट बदलली की मोडतं, आणि मग आपल्याला वाटतं आपल्यातच जिद्द नाही. जिद्द असते हो, टाईमटेबल दुसऱ्याच्या आयुष्याचं असतं.

आधी एकच परीक्षा धरा

राज्यसेवा, कंबाईन, तलाठी, पोलीस भरती, बँक, सगळे फॉर्म भरायचे आणि बघू काय लागतंय, असं नोकरी करणाऱ्याने करू नये. राज्यसेवेची मुख्य आता लेखी उत्तरांची झालीय, म्हणजे पानंच्या पानं लिहायची, त्याला लागणारा वेळ आणि कंबाईनच्या पूर्वला लागणारा वेळ यात खूप फरक आहे. माझं मत विचाराल तर शिफ्टवाल्याने सुरुवात कंबाईनपासून करावी. पूर्व परीक्षा १०० प्रश्न, १०० मार्क, एक तास, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कट. विषय सात: चालू घडामोडी, नागरिकशास्त्र, आधुनिक भारताचा विशेषतः महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान, आणि बुद्धिमत्ता-अंकगणित. एवढंच. आयोगाच्या साईटवरून सिलॅबस काढा, प्रिंट मारा, भिंतीवर चिकटवा. आणि कुठलंही पुस्तक विकत घ्यायच्या आधी मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर नुसते वाचून काढा, सोडवू नका, वाचा. आयोग काय विचारतो आणि काय कधीच विचारत नाही हे दोन संध्याकाळी कळतं, मी हे दीड वर्षाने केलं आणि तोपर्यंत नको ते पाठ करून बसलो होतो.

याच वेळी अजून एक काम, जे अभ्यासाचं वाटत नाही म्हणून सगळे मागे टाकतात. ज्या गोष्टीला दुसऱ्यावर अवलंबून वाट बघावी लागते ती आजच सुरू करा. नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल, जात पडताळणी, आणि टायपिंग. कर सहायकला मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या स्पीडचं सर्टिफिकेट लागतं, ते काय आठवड्यात मिळत नाही, क्लास लावावा लागतो, परीक्षा असते, निकाल असतो. आमच्यातल्या एका मित्राचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते आणि टायपिंग नसल्यामुळे तो थांबला. अभ्यास रात्री करता येतो, तहसीलचं काम ऑफिसच्या वेळेतच होतं, म्हणून ते नाईट शिफ्टच्या आठवड्यात उरकायचं.

एक आठवडा काहीच बदलू नका, नुसतं लिहा

टार्गेट ठरवायच्या आधी हे करा, कृपा करून हे टाळू नका. खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या आणि सात दिवस दर दोन-तीन तासांनी लिहा की हा वेळ कशात गेला. सुधारायचा प्रयत्न करायचा नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं.

मी आधी कागदावर गणित केलं होतं. आठवड्याचे १६८ तास. शिफ्ट साडेआठ तासांची धरून (नाईट थोडी लहान असते), सहा दिवस, ५१ तास. बसचे जाऊन-येऊन दीड तास, म्हणजे ९. झोप ७ तास धरून ४९. आंघोळ, जेवण, कपडे, भाजी, पाणी भरणं यात रोज अडीच, म्हणजे साडेसतरा. बेरीज १२६.५, उरले ४१.५ तास. मी खूश, म्हटलं आठवड्याला ४० तास अभ्यास होतोय. डायरी लिहिली तर प्रत्यक्ष खुर्चीत बसलो होतो १३ तास. बाकीचे गेले कुठे तर फोनवर रील, गेटबाहेर चहाच्या टपरीवर, सेकंड शिफ्टवरून आल्यावर रूमवरच्या गप्पा, आणि एक मोठा भाग ज्याला मी अभ्यास समजत होतो पण तो नव्हता, टेलिग्रामवरून पीडीएफ डाउनलोड करणं, कुठल्या सरांचं पुस्तक चांगलं यावर व्हिडिओ बघणं, टॉपरच्या मुलाखती. त्यात काही चूक नाही पण ते तास अभ्यासाच्या खात्यात धरू नका.

टपरीवरचा चहा मी बंद केला नाही हे सांगून ठेवतो. आठ तास मशीनवर उभं राहिल्यावर माणसाला माणसांत बसावंसं वाटतं, ते बंद केलं की पंधरा दिवसांत सगळंच सुटतं. एक कप पिऊन उठायचं असं केलं.

महिना नाही, तीन आठवड्यांची फेरी

माझ्या तयारीत सगळ्यात जास्त फरक पडला तो या एका गोष्टीने. आपली शिफ्ट तीन आठवड्यांनी फिरून परत तिथेच येते, तर आपलं प्लॅनिंगही तीन आठवड्यांचं हवं. मी प्रत्येक शिफ्टचा वेगळा नमुना केला.

फर्स्ट शिफ्टला सव्वाचारपर्यंत बसमधून खाली, साडेचार ते सात अभ्यास, दहाला झोप. पहाटे उठून करू असं ठरवायचं नाही, पाचला उठून बस पकडायची असते, तिथे झोप मोडून हाताला काही लागत नाही. सेकंड शिफ्टचा आठवडा म्हणजे सोनं, सकाळचे तीन-साडेतीन तास ताज्या डोक्याचे मिळतात, पण ते आदल्या रात्री ठरतं. रात्री सव्वाबाराला आलात, जेवलात, आणि फोन घेऊन आडवे झालात तर दोन वाजतात, मग दहाला जाग येते आणि अकराला डबा करायचा असतो. एकच्या आत झोप, आठला उठणं, साडेआठ ते साडेअकरा खुर्ची. नाईटला सकाळी आठ ते दोन झोप आणि चार ते सहा अभ्यास, आणि त्या आठवड्यात नवीन विषय घ्यायचाच नाही, फक्त उजळणी आणि प्रश्न सोडवणं. नाईटमध्ये नवीन वाचलेलं माझ्या तरी डोक्यात राहिलं नाही. झोप कापून अभ्यास वाढवायचा विचार मनात आला तर लक्षात ठेवा आपण मशीनवर काम करतो, तिथे एक डुलकी म्हणजे बोट जाऊ शकतं.

असं धरलं तर फर्स्टला १५ तास, सेकंडला १८, नाईटला १२, आणि प्रत्येक आठवड्याच्या सुट्टीचे ५. म्हणजे २०, २३ आणि १७, एका फेरीचे ६०. आता यातले ६० च्या ६० प्लॅन करायचे नाहीत, ४५ चंच काम ठरवायचं. ओव्हरटाईम लागतो, ताप येतो, चुलत बहिणीचं लग्न निघतं, पुढच्या शिफ्टला आपल्या जागी येणारा रिलीव्हर येत नाही आणि डबल शिफ्ट होते. शिवाय माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, १९७९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी याला नावच दिलंय, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे आधी चार वेळा उशीर झालेला असूनही पाचव्या वेळेला आपण म्हणतो यावेळी वेळेत होईल. माझा साधा नियम: धडा दोन तासांत होईल असं वाटलं की तीन लिहायचे.

परीक्षेला आठ महिने असतील तर साधारण ११ फेऱ्या मिळतात. नागरिकशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था यांना प्रत्येकी दीड, विज्ञानाला दोन कारण दहावीनंतर ते सुटलेलं असतं, अशा झाल्या आठ. राहिलेल्या तीन फेऱ्या निव्वळ उजळणी आणि पेपर. गणित-बुद्धिमत्ता आणि चालू घडामोडी यांना वेगळी फेरी नाही, रोज थोडं थोडं. विज्ञान शाखेतून आलेल्यांनी हे वाटप बदलावं, अर्थातच.

रोजचं टार्गेट इतकं बारीक करा की संध्याकाळी हो किंवा नाही असं उत्तर देता येईल

"आज पंचायत राज करायचं" हे टार्गेट नाही. कधी झालं म्हणायचं? अर्धं पान वाचलं तरी केलं, पूर्ण धडा वाचला तरी अजून राहिलंय असं वाटतं. याच्याऐवजी असं लिहा: बलवंतराय मेहता समिती १९५७, मग वसंतराव नाईक समिती १९६०, मग १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आणि १ मे १९६२ ला तो लागू होणं, एवढा टप्पा वाचायचा आणि त्यावरचे २५ जुने प्रश्न सोडवायचे. ७३ वी घटनादुरुस्ती आणि कलम २४३ उद्या. हे दीड-दोन तासांचं काम आहे, झालं की झालं, टिक करा आणि उठा. टार्गेटमध्ये प्रश्नांचा आकडा हवाच, कारण नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं, प्रश्न समोर आला की कळतं नाईक समिती आणि मेहता समितीच्या शिफारशी आपण एकमेकांत मिसळल्यात.

आणि निकालाचं टार्गेट रोजच्या कागदावर लिहू नका. यावर्षी पोस्ट काढायचीच, हे मनात असू द्या, पण कटऑफ किती लागणार, जागा किती निघणार, जाहिरात कधी येणार, परीक्षा पुढे ढकलली जाणार का, यातलं काहीच आपल्या हातात नाही. माझे कितीतरी तास जाहिरात कधी येणार या चर्चेत गेले, ग्रुपवर कोणीतरी स्क्रीनशॉट टाकायचं आणि अख्खी संध्याकाळ जायची. हातात आहे ते २५ प्रश्न. ते लिहा.

अभ्यास घड्याळाला नाही, एखाद्या घटनेला बांधा

साडेचार वाजता बसायचं ठरवलं आणि बस वीस मिनिटं लेट आली की वाटतं आता पाचला बसू, मग साडेपाच. त्यापेक्षा असं ठरवायचं की बसमधून उतरलो की थेट अभ्यासिकेत, रूमवर जायचंच नाही. बस कधीही येऊ दे. मी बॅगेत एक टीशर्ट, पाण्याची बाटली, चिवड्याची पुडी ठेवायचो, युनिफॉर्म तिथेच बदलायचो. रूमवर गेलं की गादी दिसते, गादी दिसली की संपलं. सेकंड शिफ्टला दात घासून झाले की खुर्ची, चहा खुर्चीवरच. बसमध्ये जागा मिळाली की चालू घडामोडींच्या दहा ओळी, फर्स्टची पहाटेची बस सोडून, त्या बसमध्ये झोपायचं.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनाही हे चालतं. माझ्या वहिनीने दीड वर्षाची मुलगी असताना तयारी केली, तिचं कुठलंच घड्याळ नव्हतं, मुलगी झोपली की ओट्याकडे जायचं नाही, पुस्तक उघडायचं, भांडी मुलगी जागी असताना घासायची. भांडी घासताना मूल शेजारी बसू शकतं, वाचताना नाही. एवढा एकच उलटा बदल तिने केला आणि दिवसाला दोन तास निघाले.

बसल्यावर काय करायचं? पहिली दहा मिनिटं कालच्या पानाची उजळणी, पुस्तक बंद ठेवून, जे आठवतंय ते कागदावर. मग टायमर लावून बसा. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी ही पोमोडोरोची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते, फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वतः विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून ती काढली, पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. सुरुवातीला, बसायची सवय नसताना, ही उत्तम. महिनाभराने २५ मिनिटं कमी पडायला लागतात, गणिताची लय लागते आणि बेल वाजते, तेव्हा ५० आणि १० करा. टायमर फोनचा वापरू नका. साधं टेबलावरचं घड्याळ आणा आणि फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये किंवा बॅगेत खाली, बंद करून. सायलेंटवर ठेवून उपयोग होत नाही, मी सगळं करून बघितलंय. घरी काळजी वाटत असेल तर आईला सांगून ठेवा की या वेळेत फोन लागणार नाही, अर्जंट असेल तर अमक्याला कर.

उजळणीला वेळ शिल्लक राहत नाही, ती आधीच काढून ठेवावी लागते. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात वेगाने निसटतं आणि मग वेग कमी होतो. म्हणून आज वाचलेलं उद्या, मग सुट्टीच्या दिवशी, मग नाईटच्या आठवड्यात, असं तीनदा. मी प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलने तीन छोटे गोल काढायचो आणि उजळणी झाली की एक भरायचो, दोन रिकामे गोल दिसले की आपोआप हात तिकडे जातो.

सुट्टीच्या दिवशी दोन कामं

एक, पेपर. तोही घड्याळ लावून, ओएमआर शीट म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका भरून. १०० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यात वाचणं आलं, विचार आला आणि गोल भरणं आलं. हा पेपर ज्ञानाइतकाच वेळेचा आहे, कुठला प्रश्न सोडायचा हे घरी ठरत नाही, पन्नास पेपर दिल्यावर हाताला कळतं. माझी पद्धत अशी बसली की आधी जीएस (गणित-बुद्धिमत्ता सोडून बाकीचे विषय) एका दमात, अडलेला प्रश्न गोल करून पुढे, आणि गणिताला शेवटची २० मिनिटं राखीव. पेपर झाल्यावर चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत, आणि शेजारी कारण: माहीत नव्हतं, माहीत होतं पण गोंधळलो, की घाईत "अयोग्य" ऐवजी "योग्य" वाचलं. माझ्या वहीत तिसऱ्या प्रकारचे खूप निघाले, म्हणजे मला अजून पुस्तकाची गरज नव्हती, प्रश्न नीट वाचायची होती, हे त्या वहीनेच सांगितलं.

दोन, अर्धा तास हिशोब. ठरवलेले किती, झाले किती, राहिलेल्याचं काय करायचं. इथे एक गोष्ट कडक पाळा, राहिलेलं सगळं पुढच्या आठवड्यात ढकलायचं नाही. सहा धडे राहिले तर त्यातले जुन्या पेपरमध्ये वारंवार आलेले दोन पुढे न्या, बाकीचे चार यादीतून काढा, उजळणीच्या फेऱ्यांत वेळ उरला तर बघू. ढीग वाढत गेला की एक दिवस माणूस यादीच बघायचं सोडतो, आणि तिथे तयारी थांबते. मागच्या आठवड्याचं पाप या आठवड्याने फेडायचं नसतं.

सलग तीन-चार दिवस गेले, गणपतीत गावी गेलात, आजारी पडलात, तर परत आल्यावर पहिल्या दिवशी निम्मंच काम ठेवा. भरपाई म्हणून आठ तास बसलात तर तिसऱ्या दिवशी परत खाली पडाल. मी दिवाळीनंतर हे दोन वर्षं सलग केलं आणि दोन्ही वेळेला नोव्हेंबर अख्खा गेला.

रूमवरच्या पोरांशी भांडू नका, त्यांना सांगा. माझ्या रूमवर मी सरळ म्हटलं की भावांनो मला रात्री अकराला लाईट बंद हवी, बदल्यात रविवारचं मटण मी करतो. दोन वर्षं चाललं.

परीक्षेच्या आधीची शेवटची फेरी

यात नवीन काहीही उघडायचं नाही, कोणी कितीही भारी नोट्स पाठवल्या तरी. चुकांची वही, जुने पेपर, आणि चालू घडामोडी. हॉलतिकीट आलं की सेंटर कुठे आहे ते मॅपवर बघून ठेवा, लांबचं असेल तर एकदा जाऊन या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाईट येत असेल तर महिनाभर आधीच सुपरवायझरशी बोला, कोणाशी तरी शिफ्ट बदलून घ्या आणि त्याच्या घरच्या कार्याच्या वेळी तुम्ही त्याची नाईट करा. रजा दोन दिवसांची टाका, आदल्या दिवसाची आणि परीक्षेच्या दिवसाची, आणि ती रजिस्टरला चढली का ते स्वतः डोळ्याने बघा. आदल्या रात्री हॉलतिकीट, पेन दोन, मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, पाण्याची बाटली बॅगेत भरून ठेवा, दहाला लाईट बंद. झोप लागली नाही तरी पडून राहा, पुस्तक परत उघडू नका.